दात मोजणारे पंच

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं होतं.

आटगावला, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या मैदानावर दहा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा सामना होता. मी शहापूरच्या संघाचा कोरा करकरीत प्रशिक्षक. कसा झालो, तेही सांगून टाकतो. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. क्लबचे फॉर्म माझ्याकडे प्रती काढायला आले, त्यात ‘प्रशिक्षकाचे नाव’ ही जागा रिकामी दिसली. मी सहज विचारलं, “इथं कोण?” त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझंच नाव लिहिलं. त्याआधी माझा फुटबॉलशी संबंध इतकाच की लहानपणी शेजारच्यांच्या काचेशी माझा एकदा परिचय झाला होता.

तर मी मुलांच्या रांगेच्या शेवटी उभा. खांद्यावर चेंडूंची जाळी, अंगात मुलांच्याच रंगाचा टीशर्ट. माझी उंची बेताची आहे; दोन-तीन मुलं माझ्या कानापर्यंत येत होती. काखेत काळी छत्री मारलेला एक उंच, वाळका म्हातारा पंच एकेका मुलाची हनुवटी वर करत, “आ कर” म्हणत पुढं सरकत होता. आत बघायचा, “हं” म्हणायचा, पुढचा. असं करत करत तो माझ्यासमोर आला.

“आ कर.”

मी केला. का केला, ते आजही सांगता येत नाही. चौतीस वर्षांचा, बायको-मुलं असलेला माणूस मी, भर मैदानात जबडा वासून उभा राहिलो. त्यांनी मान वाकडी करून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं.

“एक दाढ किडलीय,” ते म्हणाले. “अक्कलदाढ नाय आली अजून. बाहेर बस.”

मुलं हसून लोळायची बाकी राहिली. पुढं सहा वर्षं मी त्या माणसासमोर उभा राहिलो की माझं तोंड आपोआप मिटायचं.

माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी ‘झेरॉक्स’. मुरबाडच्या संघाचा प्रशिक्षक अंड्यांचा घाऊक व्यापार करायचा, तो ‘अंडी’. नाणं उडवायला बोलवायचं तर मैदानभर आरोळी जायची, “अंडी आणि झेरॉक्स, इकडं या!” बघायला आलेले लोक खाऊच्या गाडीला शोधत राहायचे.

दात बघायचं कारण साधं होतं. त्यांचा कागदावर विश्वास नव्हता. झेरॉक्सवाला म्हणून सांगतो, त्यात फारसं चूक नव्हतं. आमच्याकडे निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला असतो. पाड्यावरचं मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि एक जून लिहून मोकळे होतात. वर्ष कुठलं ते मुलाच्या अंगलटीवर. माझ्या काचेखालून एकदा एका घरातल्या तीन भावांचे दाखले गेले. तिघेही एक जूनचे, आणि धाकटा मधल्यापेक्षा वर्षानं मोठा. मी ते वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, “मधला अशक्त होता वो.”

पंचांचे वडील बैलांच्या सौद्यातले दलाल होते. म्हसा गावच्या जत्रेत ते बैलाचा ओठ वर करून वय सांगायचे. दोनदाती, चारदाती, सगळे दात येऊन जुळलेला. लहानपणी पंच त्यांच्याबरोबर फिरायचे. “बैल काय दाखला घेऊन येतो काय रं?” ते मला विचारायचे. “त्याचं तोंड हाच त्याचा दाखला.” मुलांसाठी त्यांनी आपलं कोष्टक बसवलं होतं. वरचे दोन फावड्यासारखे दात पुरते आले की आठ. दुधाचा सुळा हलायला लागला की दहाची वेस आली. मागची मोठी दाढ वर डोकावली की बारा. त्या मुलानं मुकाट बाहेर बसून पाणी वाटायचं. शहापूर, मुरबाड, डोळखांब, सगळ्या संघांनी हे मान्य केलं होतं. करणार काय? कागद आणायला सांगितले असते तर सगळ्यांचे एकाच दिवशी वाढदिवस.

एकदा मुरबाडशी आमचा सामना चालू असताना आमच्या एका मुलाचा दात पडला. चेंडू लागला, दात उडाला, मुलगा रडायला लागला. पंचांनी छत्री उघडली.

हे छत्रीचं आधी सांगायला हवं होतं. ते शिट्टी वापरत नसत. आटगावच्या मैदानाशेजारून गाड्या जातात. गाडीनं भोंगा दिला की मुलं शिट्टी समजून थांबायची, आणि खऱ्या शिट्टीला गाडी समजून पळत राहायची. मग त्यांनी छत्री आणली. छत्री मिटलेली म्हणजे खेळ चालू, उघडली म्हणजे बंद. शिक्षाही छत्रीचीच. कुणी कुणाला पाडलं तर पाडणाऱ्यानं पंचांच्या छत्रीखाली दोन मिनिटं उभं राहायचं आणि छत्री आपणच धरायची. पंच उंच, मुलं एवढीशी. दोन्ही हात ताणून ती छत्री धरून पंचांबरोबर मैदानभर चालत राहायची. त्या दोन मिनिटांत ते त्या मुलाशी काहीतरी बोलायचे. काय ते कुठल्याच मुलानं मला सांगितलं नाही. मी लाच म्हणून खोडरबर देऊन पाहिलं.

तर छत्री उघडली, खेळ थांबला आणि पंच म्हणाले, “दात शोधा.”

“काका, आम्ही दोन-एकनं पुढं आहोत,” मी ओरडलो. “वेळ चाललाय!”

“छपरावर टाकायला दात नको त्याला? नवा येणार कसा?” ते म्हणाले. “गोल परत मारता येतो रं. दुधाचा दात एकदाच पडतो.”

दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागले. अंडी आणि झेरॉक्सही बसले. तो दात मुरबाडच्या गोलकीपरला सापडला. त्यानं तो चड्डीला पुसून, मुठीत धरून, मिरवत आणून दिला. त्यानंतर खेळ सुरू झाला तेव्हा कोण किती गोलांनी पुढं होतं, हे कुणालाच आठवेना. पंचांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते गोल मोजायचे, पण सामना संपेपर्यंत सांगायचे नाहीत. “किती झाले?” असं पालकांनी विचारलं की म्हणायचे, “पोरांना इचारा.” आमची मुलं सांगायची तीन-एक, मुरबाडची सांगायची दोन-दोन. पंच मान हलवून दोघांनाही “बरोबर” म्हणायचे.

ऑफसाइड त्यांना मान्य नव्हता. मी नियमांचं पुस्तक वाचून गेलो होतो, त्यामुळे वाद घालायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरगं पुढं गेलं तर जाऊ दे की. आपल्याकडं पुढं जायला मिळतं किती जणांना?” मी पुस्तक पिशवीत टाकलं.

आयुष्यभर त्यांनी धरणावर पाण्याची पातळी वाचायचं काम केलं होतं. भातसानगरच्या कॉलनीत राहायचे; निवृत्त झाल्यावर तिथून जवळच, फाट्याशी घर बांधून राहिले. भिंतीवर आखलेल्या पट्टीवर पाणी कुठं टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, सकाळ-संध्याकाळ. धुवाधार पावसात पट्टी दिसायची नाही, तेव्हा ते बॅटरी घेऊन पायऱ्या उतरून जायचे आणि आकड्यावर हात ठेवून पाणी चाचपायचे. “कालचाच आकडा लिहिला असता तर कोण बघत होतं?” मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यावर पाय दिला होता. “तीस वर्षांत एक आकडा अंदाजानं नाय लिवला,” ते म्हणाले. “पाणी जिथं हाय तिथंच लिवायचं. आपल्याला वाटतं तिथं नाय.” याचा त्यांना अभिमान होता, आणि मला वाटतं, तेवढाच होता. बाकी त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. छत्रीलाही दोन भोकं होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

आमची स्पर्धा दिवाळीच्या आत संपवावीच लागते. तारखा पंचच ठरवायचे आणि त्यात कुणाचं ऐकायचे नाहीत. कारण दिवाळी झाली की डोळखांबकडच्या पाड्यांवरची घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, मुलाबाळांसकट, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. “दिवाळीनंतर डोळखांबची टीम मैदानात नाय, भट्टीवर असते,” ते म्हणायचे.

त्या वर्षी डोळखांबकडच्या आश्रमशाळेच्या संघात एक मुलगी गोलकीपर होती. अनवाणी, हडकुळी, हातात कुणाचे तरी लोकरीचे हातमोजे. गोलात उभी राहून ती आमच्या मुलांशी अखंड बोलत असे. आमचा सगळ्यात जोरात मारणारा गडी चेंडू घेऊन तिच्यासमोर आला आणि क्षणभर थबकला, तर ती ओरडली, “मार ना रं! आयेला इचारून येतो का? जा, मी थांबते हितं!” त्यानं मारला तो थेट तिच्या हातात. साखळीतल्या सामन्यात आम्ही चार-शून्य हरलो. आमचा गडी छत्रीखाली न जाताही रडला.

तरी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो, आणि समोर पुन्हा डोळखांबच. इथं मी एक शहाणपणा केलेला होता. फ्लेक्स छापणारा माझा मित्र. त्याचं मशीन दुसऱ्या कामाला लागायच्या आत म्हणून मी आधीच बॅनर छापून घेतला होता. वर ‘विजेता संघ’, खाली मुलांचे बारीक फोटो आणि मधोमध, मुलांपेक्षा तिप्पट मोठा, गॉगल लावलेला मी. तो बॅनर गुंडाळून दुकानात कोपऱ्यात उभा होता. रोज सकाळी शटर वर केलं की आधी तो दिसायचा. माणूस जिंकण्यासाठी काय काय करतो ते मी ऐकून होतो. बॅनर वाया जाऊ नये म्हणून काय करतो, ते मला तेव्हा कळलं.

सामन्याच्या चार दिवस आधी आश्रमशाळेच्या बाई दुकानात आल्या. क्रीडाशिक्षिका म्हणून त्याच संघाबरोबर असायच्या. वसतिगृहाच्या कसल्याशा फॉर्मसाठी मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती हव्या होत्या. मी प्रती काढल्या. एक तिरकी आली, ती मी टोपलीत टाकली, दुसरी काढून दिली. बाई गेल्या. टोपलीतून ती गोलकीपर माझ्याकडे बघत होती. निदान मला तसं वाटलं; फोटो असा काळा आला होता की ती कुणीही असू शकली असती. पण मैदानात तिला हाक मारतात तेच नाव होतं, आणि जन्मतारीख नीट दिसत होती. मी बोटांवर मोजलं. बारा वर्षं.

गिऱ्हाइकाचा कागद काचेवर ठेवायचा, वाचायचा नाही, हा आमच्या धंद्याचा साधा धर्म. मी तो कागद टोपलीतून उचलला, सरळ केला, घडी घालून खिशात ठेवला. अंतिम सामन्याच्या सकाळी मी समितीच्या सचिवांच्या हातात रीतसर तक्रार दिली. ‘सदर खेळाडूचे वय बारा वर्षे असून तिला बाद करण्यात यावे.’ टाइपही मीच केली होती. शुद्धलेखन दोनदा तपासलं होतं.

सचिव सिमेंटचे दुकानदार; माणूस वाईट नव्हता, पण लेखी कागद पाहिला की ताठ व्हायचा. शहापूरच्या मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली त्यांनी पंचांना बोलावलं. पंचांनी चष्मा लावला, तक्रार वाचली आणि माझ्यापुढं हात केला.

“प्रत दे.”

मी दिली. ती त्यांनी शेवटपर्यंत वाचली, पुन्हा वरून वाचली. मग छत्री तिथंच ठेवून मुलांच्या रांगेकडं गेले. मुलीची हनुवटी वर केली. बराच वेळ बघितलं, एक बोट घालून सुळाही हलवून पाहिला. ती बोटावर चावली असावी, कारण त्यांनी हात झटकला. परत आले ते बाईंना घेऊनच. सचिव माइक लावायला गेले होते. शेडखाली आम्ही तिघंच.

“नऊ,” पंच म्हणाले. “लई तर साडेनऊ. सुळे दुधाचे, घट्ट हायेत. मागं दाढेचा पत्ता नाय. बाई, हे कार्ड कुणाचं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंचांच्या हातातली प्रत कुठून आली ते त्यांना समजलं होतं.  

“मोठ्या बहिणीचं,” त्या म्हणाल्या. “ही भट्टीवर जन्मली. हिचा कागदच नाही कुठला. मोठीनं शाळा सोडली, आई-बापाबरोबर कामाला गेली, तिच्या कार्डावर त्यांनी हिला आमच्याकडे आणून घातलं. मलाही यंदाच कळलं. शाळेत हिला मोठीच्या नावानं हाक मारतात. घरचं नाव वेगळंच आहे. मी हिचा दाखला काढतेय, काका. जन्म कुठला, नोंद कुठं करायची, तहसीलात फेऱ्या चालल्यात. पण त्याआधी हे वर गेलं तर पटावरचं नाव कापतील. नाव कापलं की आई-बाप हिला घेऊन जातील.”

“दिवाळी कधी?” पंचांनी विचारलं. तारीख त्यांना माहीत होती.

“पंधरा दिवसांवर.”

मैदानात ती मुलगी हातमोजे दातांनी ओढून घट्ट करत होती. आमच्या गड्याला काहीतरी चिडवत होती. तो हसत होता.

“काका, मी तक्रार मागं घेतो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मुलासारखा वाटला. तेवढ्यात सचिव आले.

“लेखी तक्रार आलीय, आता लेखी अहवाल लागणार,” ते म्हणाले. “जिंकणारा संघ जिल्ह्याला जायचाय. मागं घेतली म्हणून चालत नाही; उद्या कुणी विचारलं तर? काका, कार्ड बघून जन्मतारीख लिहा आणि सही करा. पुढं शाळेकडे पडताळणीला जाईल, त्यांचं ते बघतील.”

पंच बाकावर बसले. मांडीवर पॅड घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि तसेच बसून राहिले. मी त्यांना इतका वेळ काही न करता बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग सचिवांची पाठ वळलेली पाहून त्यांनी प्रत घडी घालून माझ्या खिशात परत कोंबली, आणि लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आणि सुटं, त्यामुळे मला उभ्या उभ्या वाचता येत होतं. ‘मुलीचे तोंड तपासले. वय दहाच्या आत. कार्डावरील आकडे वाचता आले नाहीत. माझी नजर अधू झाली आहे.’ खाली सही, घोटून.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

सचिवांनी वाचलं. “काका? तुम्हाला वाचता येत नाही?”

“नाय.”

“कधीपासून?”

“आत्ता ध्यानात आलं.”

सचिव माझ्याकडे वळले. “तुम्ही प्रत आणलीय ना? दाखवा बघू.”

प्रत माझ्या खिशात होती. तिचा कोपरा पंचांच्या बोटांनी नुकताच आत दाबला होता.

“मघापासून सापडत नाही,” मी म्हणालो. “आणि खरं सांगायचं तर टोनर संपत आला होता, साहेब. आकडे नीट आलेच नव्हते. मला बारा वाटले.”

“वाटले?” सचिव म्हणाले. “वाटले म्हणून तक्रार करता?”

माझ्यावर ते बरेच बोलले, पण कागदावर माझ्याबद्दल काही नव्हतं. कागदावर होते ते पंच. मी तिथंच म्हणायला हवं होतं, की मी हरण्याच्या भीतीनं खोटी तक्रार केली. काकांची नजर ठणठणीत आहे, त्यांना मध्ये घेऊ नका. मला काय झालं असतं? प्रशिक्षकपद गेलं असतं, जे मुळात रिकामी जागा भरायला मिळालं होतं. पण मी टोनरवर थांबलो. खोटं बोलतानाही मी निम्म्यात थांबलो. उरलेलं सगळं त्यांनी एकट्यानं उचललं.

सामना झाला. छत्री उघडली, मिटली. आम्ही एक-शून्य हरलो, आणि आमच्या गड्याचे तीन फटके तिनं अडवले, तिसरा तर तोंडानं. बॅनर माझ्या सासऱ्यांनी गवताच्या गंजीवर टाकायला नेला. गॉगलसकट मी अजून मुरबाडजवळ एका खळ्यात पावसापासून गवत राखतो.

आठवड्याभरात समितीचं पत्र निघालं. सगळ्या क्लबांना पाठवायचं म्हणून दहा प्रती काढायला ते माझ्याच दुकानात आलं. ‘पंचांनी स्वतः दृष्टी अधू असल्याचे लेखी कळविल्यामुळे यापुढे त्यांना कोणत्याही सामन्यास पाचारण करू नये.’ त्या दिवशी टोनर नवा होता. एकेक अक्षर कोळशानं कोरल्यासारखं उठलं.

त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. मला वाटलं होतं, घरी बसून तरी पूर्वीसारखे राहतील. पण एकदा लिहून दिलेलं खोटं त्यांनी खऱ्यासारखं चालवायला घेतलं. फाट्यावर एसटी आली की ते शेजारच्याला विचारायचे, “कुठली रं ही?” सोसायटीत सही करायची तर म्हणायचे, “बोट धरून दाखव कुठं करायची.” मुरबाडच्या अंडीनं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “म्हातारा आंधळा झाला रे,” तो म्हणाला. “आपण सहा वर्षं त्याच्याशी गोलांवरून भांडलो.” मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मुरबाडभर केलं असतं, आणि ते पुन्हा फिरून शाळेपर्यंत गेलं असतं. हे पंचांना माझ्याआधी कळलं होतं. अर्धवट आंधळ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी बाई दुकानात आल्या. तक्रारीनंतर पहिल्यांदाच. कागद काचेवर त्यांनी स्वतः ठेवला आणि प्रत निघेपर्यंत त्यावरचा हात काढला नाही. मी खाली बघून बटण दाबलं. जाताना दारात थांबल्या.

“आई-बाप परवा भट्टीवर गेले,” त्या म्हणाल्या. “मोठीला नेलं. ही राहिली.”

“आणि दाखला?”

“अर्ज पुढं सरकलाय. होईल उन्हाळ्यापर्यंत.”

मी शटर ओढलं आणि फाट्याची गाडी धरली.

त्यांच्या घरासमोर कुडाचं कुंपण आहे. मी बाहेरून पाहिलं तर ते पडवीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. चष्मा नाकावर, बोट ओळीवर, ओठ हलतायत. मी उगाच मोठ्यानं खाकरलो आणि चपलेत गेलेला खडा काढायला वाकलो. गेलेला नव्हताच. पुरेसा वेळ देऊन मी फाटक उघडलं. पेपर मांडीखाली गेला होता, चष्मा खिशात, आणि ते समोरच्या चिंचेकडं बघत होते.

“कोण?” त्यांनी विचारलं. मी दहा पावलांवर, उन्हात उभा होतो.

“मी. झेरॉक्स.”

“ये. दिसत नाय रं आताशा.”

मी पायरीवर बसलो. “काका, ती राहिली,” मी म्हणालो. “आई-बाप गेले, मोठीला नेलं. ती शाळेतच आहे.”

 आत तोंड करून त्यांनी चहा सांगितला, दोन कप. सहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चहा विचारला होता, तोही मला न विचारता.

येताना मी गाडीत सगळं जुळवून आणलं होतं. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. “काका, त्या दिवशी मी,” एवढं म्हणालो.

“पेपर वाचून दाखव जरा,” ते म्हणाले आणि मांडीखालून पेपर काढून माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता. “सकाळपासून कोण वाचायला नाय.”

मी वाचायला लागलो. मुरबाडकडच्या रस्त्याच्या कामाची बातमी होती, ती वाचली. भाताच्या खरेदीची होती, ती वाचली. माझं लक्ष कागदावर नव्हतं. डोळे ओळींवरून नुसते घसरत होते.

“मधली एक ओळ सुटली,” ते म्हणाले.

मी पेपरमधून मान वर काढली नाही. त्यांनीही चिंचेवरची नजर हलवली नसावी.

“हो, सुटली,” मी म्हणालो, आणि ती ओळ वाचली.